एका ठिपक्याएवढा माणूस

आमच्या घरात माझी एक ठरलेली चेष्टा आहे. धाकटे दीर जेवायला आले की पहिला घास घ्यायच्या आधी माझ्या नवऱ्याला विचारणार, "दादा, वहिनी घरात आहेत का?" आणि मग माझ्याकडे बघत स्वतःच उत्तर देणार, "सांगता येत नाही." सगळे हसतात. मी हसत नाही. उपग्रहानं काढलेली जमिनीची चित्रं वाचायचं काम मी एकवीस वर्षं करते आहे. त्या कामात "दिसतं" असं कोणीही लिहून मोकळा होतो. "सांगता येत नाही" लिहायला अक्कल लागते. हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं आहे.

लोकांची समजूत भलतीच असते. त्यांना वाटतं, आम्ही वर बसून माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र वाचतो. शेजारच्या बाईंनी तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, गच्चीवर कपडे वाळत घालताना मी दिसते का हो? म्हटलं, तुम्ही नाही दिसणार, चादर दिसेल कदाचित. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

भाऊजींना मी हे सगळं समजावलं होतं ते गेल्या वर्षी, आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर. ते ट्रक चालवतात, लांब पल्ल्याचा, आणि घरी असले की त्यांना दुसरं काही काम नसतं. म्हटलं, समजा नियम असा आहे की एका फरशीला एकच रंग. चहाचा थेंब सांडला तर थेंब काढायचा नाही, सगळी फरशी किंचित तपकिरी करायची. आता लांबून बघणाऱ्याला कसं कळणार, की तो थेंब होता, की मुंगी होती, की फरशीच मळकी आहे? तर म्हणाले, मग फरशा लहान घ्या. म्हटलं, लहान फरशीला मोठा आरसा लागतो. आमच्या उपग्रहातला आरसा मोठ्या परातीएवढा आहे आणि तो पाचशे किलोमीटरवरून बघतो. आरसा लहान असला की प्रकाश पसरणारच, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. त्या परातीतून अर्ध्या मीटरपेक्षा बारीक काही वेगळं काढता येत नाही. तुमचं नाकडोळ्याचं तोंड बघायचं तर दहा मजली इमारत जेवढी उंच, तेवढा रुंद आरसा वर न्यावा लागेल. आणि तो नेलात तरी मधली हवा तापलेल्या रस्त्यावरच्यासारखी हलत असते, ती आहेच.

"म्हणजे तुमच्या लेखी मी एक फरशी," ते म्हणाले.

"खांदे धरून एक. नुसतं डोकं धरलं तर पाव."

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या धाकटीला, हे फार आवडलं. पुढे आठवडाभर ती त्यांना "पाव फरशी" म्हणत होती. पण ते मात्र विषय सोडेनात. म्हणाले, आणि एखाद्याला वरून दिसायचंच असेल तर? मी म्हटलं, मोठं काहीतरी पसरायचं, आजूबाजूला नसलेल्या रंगाचं, चारी कोपरे ताणून. डोंगराला काटकोन जमत नाही. काटकोन दिसला की आम्ही समजतो, इथे माणूस आहे. आणि हे सकाळी साडेदहाला करायचं, कारण आमचा कुठला ना कुठला उपग्रह रोज त्याच सुमाराला जातो. "वा," ते म्हणाले, "चहाच्या वेळेला." पण पुढच्या महिन्यात त्यांनी जुनी काळी ताडपत्री टाकून नारिंगी घेतली, चार मीटर बाय सहा, आणि मला तिचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, आता तरी ओळख द्याल ना?

सोमवारी संध्याकाळी सहाला जमीन हलली. आमच्याकडे दिवे झुलले, कपाटातली भांडी वाजली आणि थांबली. बातम्यांत कळलं की धक्क्याचा जोर डोंगरात होता. घाटरस्त्यावर कडे कोसळले होते, मोबाइलचे मनोरे पडले होते. भाऊजी आणि त्यांचे उस्ताद लोखंडी पाइप भरून त्याच घाटात होते. उस्ताद म्हणजे त्यांचे जोडीदार, साठीला आलेले. भाऊजींना गाडी त्यांनीच शिकवली होती आणि लांबच्या फेरीला दोघं आळीपाळीनं चालवायचे. पाच वाजून दहा मिनिटांनी भाऊजींनी पायथ्याच्या पंपावरून धाकटीला फोन केला होता. म्हणजे सहाला ते बरोब्बर मधोमध असणार. हा हिशोब घरातल्या प्रत्येकानं मनात केला आणि कोणी बोलून दाखवला नाही.

धाकटी त्याच संध्याकाळी आमच्याकडे आली. ती शिवणकाम करते. येताना कोणाचा तरी झगा घेऊन आली आणि बसल्या बसल्या त्याची शिवण उसवायला लागली. उसवून झालं की पुन्हा शिवायची, पुन्हा उसवायची. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण मग तिनं माझ्याकडे तसं बघितलं नसतं. सगळ्या घरात मी एकटीच अशी होते, जिला तिथलं काही दिसू शकत होतं.

मंगळवारच्या चित्रात ढग होते. नुसते ढग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुधाचं भांडं लवंडल्यासारखे. ढगातून बघणारी वेगळी यंत्रं असतात, पण त्यांची त्या भागावरची फेरी शुक्रवारी होती. मी घरी येऊन हे सांगितलं. धाकटी म्हणाली, "मग तुमचा तो उपग्रह करतो तरी काय, ताई?" नवरा तिच्यावर जरा चिडला. मी चिडले नाही. मीही दिवसभर तेच विचारत होते.

बुधवारी साडेदहाला ढगांना भोक पडलं आणि त्याच वेळी उपग्रह बाजूनं गेला. डोक्यावरून नाही, बाजूनं, त्यामुळे तिरकं बघावं लागलं आणि चित्रातला एकेक ठिपका, म्हणजे माझी ती फरशी, अर्ध्या मीटरचा होता तो सत्तर सेंटिमीटरचा झाला. सव्वाअकराला चित्र माझ्या पडद्यावर आलं.

मी घाटरस्ता खालून वर वाचत गेले. पहिला कडा कोसळलेला दिसला. त्याच्या वर चारशे मीटरचा रस्ता शाबूत होता. त्याच्याही वर दुसरा कडा. आणि त्या चारशे मीटरच्या मधे एक ट्रक उभा होता, पांढऱ्या केबिनचा, चाकांवर उभा, आडवा झालेला नाही. त्याची सावली सरळ होती. जिवात जीव आला. मी नवऱ्याला फोन करून एवढंच सांगितलं की गाडी उभी आहे. त्याच्या आवाजावरून कळलं की तो भिंतीला टेकला असावा.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. नारिंगी कुठेच नव्हतं.

मी रंगाचं चित्र मोठं केलं, लहान केलं, फिरवलं. ट्रकच्या हौद्यावर पाइपांचा करडा पट्टा, रस्ता करडा, दगड करडे. भाऊजींनी ती ताडपत्री माझ्यासाठी घेतली होती, अर्धी चेष्टेत असेल, पण घेतली होती. दोन दिवस त्या रस्त्यावर अडकलेला माणूस, ज्याला साडेदहाची वेळ ठाऊक आहे, काटकोन ठाऊक आहे, तो ती पसरणार नाही? पसरता येत असेल तर पसरणार नाही? उभ्या गाडीचा आनंद पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही.

पावणेबाराला मदतपथकाचे अधिकारी आमच्या बैठकीच्या खोलीत आले. उंच, थकलेले, दाढी वाढलेली. त्यांनी सगळं दोन वाक्यांत मांडलं. हेलिकॉप्टर एकच होतं आणि दोनच्या सुमाराला ढग पुन्हा मिटणार होते, म्हणजे एकाच ठिकाणी जाता येणार होतं. एक ठिकाण वरच्या रस्त्यावरचा हा ट्रक. दुसरं खालच्या खोऱ्यातली वस्ती, जिथे कोसळलेल्या दगडांनी नदी अडली होती आणि पाणी चढत होतं. वस्तीचं चित्र मी आधीच वाचलं होतं. टेकाडावर दोन पांढरे चौकोन होते, गेल्या आठवड्यात नव्हते. चारी कोपरे ताणलेले. तिथे माणसं होती, आणि जिवंत होती, यात शंका नव्हती. पाण्याला अजून दिवसभराचा तरी अवकाश असावा असा त्यांचा अंदाज होता. म्हणून वरच्या रस्त्यावर कोणी जिवंत असल्याचं नक्की कळलं, तर आधी तिथे जायचं. नाहीतर वस्तीकडे.

"मला हो किंवा नाही पाहिजे," ते म्हणाले.

मी आमच्या साहेबांना तिथल्या तिथे सांगितलं की त्या गाडीत माझे दीर आहेत. मग त्यांनी जे नियमात होतं ते केलं. माझ्याऐवजी दुसऱ्यानं चित्र वाचायचं आणि सही करायची. दुसरा म्हणजे आमचा रंगारी. हे त्याचं टोपणनाव. चित्र स्वच्छ करायचा एक नवा प्रोग्राम आला आहे, तो त्याच्या हातात असतो. तो प्रोग्राम लाखो चित्रं बघून शिकलेला आहे, आणि धूसर चित्र दिलं की त्यात बारकावे भरून देतो. रंगारी मुलगा वाईट नाही. त्याला लोकांना खूश करायला आवडतं, एवढंच.

त्यानं चित्र प्रोग्रामला दिलं. मिनिटभरानं पडद्यावर ट्रक परत आला, लखलखीत, जणू कोणी गच्चीवरून फोटो काढला होता. केबिनच्या टपावर एक माणूस उभा होता. एक हात वर.

खोलीत कोणीतरी श्वास ओढला. मीच असेन. ती उभं राहण्याची ढब, एक खांदा जरा खाली, माझ्या ओळखीची होती. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी खिशातून फोन काढला. रंगारी सही करायला पेन शोधत होता.

मला काहीच करायचं नव्हतं. हे मी आजही स्वतःला सांगते. मला बाजूला केलं होतं, वाचणारा दुसरा होता, सही त्याची होती. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले असते तर हेलिकॉप्टर भाऊजींकडे गेलं असतं आणि कोणी मला एक शब्द विचारला नसता. मी खिडकीबाहेर बघितलंही. खाली रस्त्यावर एक बाई सायकल ढकलत चालली होती. माझ्या मनात आलं, ही आत्ता वरून एक ठिपका आहे, सायकलीसकट. आणि मग मला राग आला. माझा राग नेहमी चुकीच्या वेळी येतो.

मी म्हटलं, मूळ चित्र दाखव. रंगारी म्हणाला, त्यात काही कळत नाही, म्हणून तर हे केलं. म्हटलं, दाखव. त्यानं दाखवलं. केबिनच्या टपावर चार ठिपके होते. चारही पांढरट करडे, एक दुसऱ्यापेक्षा थोडा गडद. तो गडद ठिपका माणूस असू शकत होता. गंज असू शकत होता, दगड असू शकत होता, गुंडाळलेला दोर असू शकत होता.

"आता गेल्या महिन्यातलं चित्र घे," मी म्हटलं. "याच जागेचं. तेव्हा तिथे गाडी नव्हती, कोणी नव्हतं. ते प्रोग्रामला दे."

रंगारीनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. एक मिनिट गेलं. रिकाम्या रस्त्याच्या कडेला, एका दगडाच्या जागी, एक माणूस उभा होता. कड्याच्या उतारावर, जिथे शेळीसुद्धा थांबत नाही, तिथे एक लहान मोटारही उभी होती, काचांसकट. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, तसं त्या प्रोग्रामचं होतं. तो रस्ते, गाड्या आणि माणसं बघत लहानाचा मोठा झाला होता, म्हणून डाग दिसला की त्याला माणूस आठवायचा.

रंगारीनं पेन खाली ठेवलं. अधिकारी माझ्याकडे वळले.

"म्हणजे गाडीवर माणूस नाही?"

"असं मी म्हणत नाही."

"मग आहे?"

"सांगता येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं, साहेबांनी मघाच त्यांना सांगितलं होतं, की तिथे माझं कोण आहे. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, सांगता येत नाही यावर मी हेलिकॉप्टर नेऊ शकत नाही, बाई. मी म्हटलं, मला कळतं. ते वस्तीकडे गेले. दोन फेऱ्यांत त्यांनी एकतीस माणसं काढली. दोनला ढग मिटले. पाणी सांगितलं होतं त्यापेक्षा लवकर चढलं आणि साडेपाचला ते टेकाड पाण्याखाली गेलं.

मी घरी पोचायच्या आत ते लखलखीत चित्र घरी पोचलं होतं. आमच्या कचेरीतून कोणी बाहेर सोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारपर्यंत ते हजारो फोनवर फिरत होतं. मी चप्पल काढत होते तेव्हाच धाकटी उठून समोर आली. तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. तिचा अंगठा त्या वर केलेल्या हाताच्या शेजारी होता.

"ताई, हा कोण?"

"कोणी नाही."

"हे उभे आहेत. मी अकरा वर्षं यांना उभं राहिलेलं बघते आहे."

मी तिला प्रोग्रामचं सांगितलं. रिकाम्या रस्त्यावरच्या माणसाचं सांगितलं. फरशीची आठवण दिली. ती ऐकत होती, पण मान हलवत नव्हती. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "हेलिकॉप्टर तिकडे निघालं होतं आणि तुम्ही थांबवलंत, असं म्हणतात. खरं का?" मी म्हटलं, निघालं नव्हतं. निघणार होतं. "आणि तुम्ही थांबवलंत." मी म्हटलं, हो. ती आत गेली आणि झगा उसवायला लागली. नवरा मधे काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नाही. मी मनात एकच गोष्ट घोळवत होते, ताडपत्री का नाही, ताडपत्री का नाही, आणि दरवेळी उत्तर तिथेच येऊन थांबत होतं. पसरायला कोणी उरलं नसेल.

गुरुवारी आभाळ निरभ्र होतं. मी सातलाच कचेरीत जाऊन बसले. साहेबांनी मला हाकललं नाही. रंगारीनं न विचारता माझ्यासाठी चहा आणला आणि माझ्या मागे उभा राहिला. साडेदहाला उपग्रह गेला, या वेळी जवळजवळ डोक्यावरून. अकरा वाजून अठरा मिनिटांनी चित्र आलं.

पहिला कडा. रस्ता. पांढरी केबिन.

तिच्या पुढे, रस्त्यावर, नारिंगी.

आठ ठिपके रुंद, बारा ठिपके लांब. मी मोजले. चार मीटर बाय सहा. चारी कोपरे ताणलेले, चारी काटकोन, एका कोपऱ्यावर दगड ठेवला असावा असा गडद ठिपका. तो ठिपका काय आहे हे सांगता येत नव्हतं आणि मला त्याची पर्वा नव्हती. एवढ्या सफाईनं ती पसरणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला मी शिकवलं होतं. मी खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. रंगारीनंही वाजवल्या, मग साहेबांनी, मग पलीकडच्या टेबलांवरच्या ज्यांना काय झालं ते माहीत नव्हतं त्यांनीही. अहवालात रंगारीनं लिहिलं, माणूस जिवंत असल्याची खात्री. मी त्याच्या खांद्यावरून ते वाक्य तीनदा वाचलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

एक वाजता अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी या वेळीही दोन वाक्यं वापरली. एक जिवंत आहे, एक नाही. जिवंत आहेत ते तुमचे.

हॉस्पिटल पायथ्याच्या गावात होतं. आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. वरांड्यात उस्तादांची बायको बाकावर बसली होती आणि एक तरुण डॉक्टर तिच्यासमोर उकिडवा बसून तिच्याशी बोलत होता. दगडानं मांडी चेचली होती, म्हणाला. पहाटे गेले. बाईंनी त्याला विचारलं, काल आणलं असतं तर? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "सांगता येत नाही." मी चालता चालता थांबले. तो खरं बोलत होता. माझ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

भाऊजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. ओठ फुटले होते, एक हात बांधलेला होता, बाकी धड होते. धाकटी त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांची दोन्ही पावलं हातात धरली. ती तेव्हा रडली. नवरा खिडकीजवळ जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं भाऊजी माझ्याकडे वळले आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वहिनी, काल दिसलो का?"

"काल?"

"काल सकाळी. सव्वादहाला केबिनवर चढलो. अकरा वाजेपर्यंत हात वर करून उभा होतो. ढग फाटलेले बघितले ना. म्हटलं, वहिनी सांगतात माणूस दिसत नाही, पण उभं राहायला काय जातंय."

धाकटीनं मान वर केली. तिच्या हातात भाऊजींची पावलं होती आणि ती नुसती माझ्याकडे बघत होती. मला तो गडद ठिपका आठवला, चारांतला एक. मी दोन गोष्टी म्हणू शकत होते. एक म्हटली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"नाही दिसलात," मी म्हटलं.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "पाव फरशी."

कोणी हसलं नाही. आणि मग मला राग आला, नेहमीसारखा, चुकीच्या वेळी. तीन दिवसांची भीती, धाकटीची नजर, त्या खोलीत एकटीनं उभं राहणं, सगळंच त्यात होतं. मी म्हटलं, उभं कशाला राहायचं? एवढं शिकवलं होतं ना? चारी कोपरे ताणून, साडेदहाला. ताडपत्री गाडीतच होती. ती कालच का नाही पसरलीत? काल पसरली असतीत तर मी एका मिनिटात हो म्हटलं असतं, ते कालच आले असते.

भाऊजी बांधलेल्या हाताची बोटं दुसऱ्या हातानं चोळत राहिले.

"ती उस्तादांच्या अंगावर होती, वहिनी," ते म्हणाले. "गाडीखाली झोपवलं होतं त्यांना. हुडहुडी थांबत नव्हती. दोन पदर करून गुंडाळली होती, तरी थरथरत होते. काल एकदा म्हटलं त्यांना, उस्ताद, तासभर देता का. हो म्हणाले. मलाच काढवेना."

बाहेर वरांड्यात बाकाचा आवाज झाला. उस्तादांची बायको उठली असावी.

"आज पहाटे गेले," भाऊजी म्हणाले. "मग काढली."

मी खाटेचा कठडा धरून उभी होते. सकाळी ती रस्त्यावर पसरलेली बघून मी टाळ्या वाजवल्या होत्या.